विलीनीकरण आणि साठ शेअरवाला भागधारक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कंपनी सेक्रेटरी आहे. कंपनी कायदा आणि विलीनीकरण या विषयावरच्या वार्षिक परिषदांना गेली कित्येक वर्षं न चुकता जाते. दिवसभर तिथे बोलणं चालतं ते विकत घेणाऱ्या कंपनीचं, व्यवहारावर सल्ला देणाऱ्या मर्चंट बँकरचं, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचं, स्पर्धा आयोगाचं. ज्याच्याकडे मोजून साठ शेअर आहेत त्याची गणना ‘इतर भागधारक’ या दोन शब्दांत आटोपते. संध्याकाळी ठाण्याची गाडी पकडली की फोन येतात ते मात्र नेमके त्याच माणसांचे. डोंबिवलीची मावशी, सोसायटीतले निवृत्त काका, कॉलेजातली मैत्रीण. सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून ते एकदाच नीट लिहून काढले आहेत.

विलीनीकरण होतं म्हणजे नेमकं काय होतं?

एक कंपनी दुसरीत विरघळते. जी विरघळते तिची मालमत्ता, कर्जं, करार, कोर्टातले दावे, कामगार, सगळं दुसरीकडे जातं आणि ती कंपनी कायद्याच्या दृष्टीने उरत नाही. एरवी कंपनी बंद करायची तर अवसायनाची, म्हणजे मालमत्ता विकून देणी फेडून कंपनी गुंडाळण्याची, लांबलचक प्रक्रिया करावी लागते, इथे ती करावी लागत नाही. तुमचे जुने शेअर रद्द होतात आणि बदल्यात दुसऱ्या कंपनीचे शेअर मिळतात.

हे सगळं २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम २३० ते २३२ खाली चालतं. ही कलमं १५ डिसेंबर २०१६ पासून लागू झाली. त्याआधी १९५६च्या कायद्यातली ३९१ ते ३९४ ही कलमं होती आणि मंजुरी उच्च न्यायालय देत असे. आता ते काम राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण करतं, ज्याला आम्ही सगळे एनसीएलटी म्हणतो. महाराष्ट्रातल्या कंपन्यांसाठी मुंबईचं पीठ आहे.

दोनशे पानांची नोटीस आली आहे. एवढं सगळं वाचायचं का?

मावशीने मला विचारलं होतं, ‘हे रद्दीत टाकू का?’ तेव्हा मी तिच्याकडे गेले आणि आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर ते बाड उघडून बसलो. दोनशे पानांपैकी तिच्या कामाची पंचवीस-तीसच निघाली. तिला जे दाखवलं तेच इथे सांगते.

आधी नोटिशीचं पहिलं पान. सभा कधी, मतदान कधी सुरू आणि कधी बंद, हे तिथे असतं. या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका.

मग ‘स्पष्टीकरणात्मक निवेदन’ शोधा. त्यात विलीनीकरण का करताय याची कारणं असतात. ही कारणं सगळ्या कंपन्यांची जवळजवळ सारख्याच शब्दांत लिहिलेली असतात, त्यामुळे तिथे फार वेळ घालवू नका. त्याच निवेदनात प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मूळ मालक मंडळींचा, आणि संचालकांचा या व्यवहारातला हितसंबंध सांगावा लागतो. तो परिच्छेद दोनदा वाचा. दुसऱ्या कंपनीत प्रवर्तकांचा हिस्सा किती आहे आणि विलीनीकरणानंतर तो वाढतोय का, हे आधीच्या आणि नंतरच्या भागधारणेच्या तक्त्यात शेजारी-शेजारी दिसतं.

त्यानंतर संचालक मंडळाचा अहवाल. कलम २३२ प्रमाणे या व्यवहाराचा प्रवर्तकांवर काय परिणाम होईल आणि प्रवर्तक नसलेल्या भागधारकांवर काय होईल, हे मंडळाला वेगवेगळं लिहावं लागतं. शेवटी मूल्यांकन अहवाल, आणि कंपनी सूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर मर्चंट बँकरचं ‘फेअरनेस ओपिनियन’, म्हणजे हे मूल्य वाजवी आहे का यावरचं मत. मूल्यांकनात कोणत्या पद्धतीला किती वजन दिलं आहे याचा छोटासा तक्ता असतो. बाजारभाव, भविष्यातल्या उत्पन्नाचा अंदाज आणि मालमत्तेची किंमत या तीन पद्धतींपैकी एखादीला शून्य वजन दिलं असेल तर त्याचं कारण खाली लिहिलेलं आहे ना, ते पाहा.

बाकीची पानं म्हणजे ताळेबंद, स्टॉक एक्स्चेंजची पत्रं, तक्रारींचा अहवाल. रस असेल तर जरूर वाचा.

माझे साठच शेअर. माझ्या मताने काय फरक पडणार?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्यामागची समजूत चुकीची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नेहमीच्या ठरावात जितके शेअर तितकी मतं. तिथे साठ शेअर म्हणजे समुद्रात थेंब हे खरं. विलीनीकरणाच्या सभेत मात्र कलम २३०(६) दोन अटी घालतं. मत देणाऱ्यांच्या एकूण मूल्यापैकी तीन चतुर्थांश मूल्य बाजूने पाहिजे, आणि त्याच वेळी मत देणाऱ्या माणसांपैकी बहुसंख्य माणसंही बाजूने पाहिजेत. मूल्यही मोजलं जातं आणि डोकीही मोजली जातात. चाळीस टक्के हिस्सा असलेला प्रवर्तक हे एक डोकं आणि साठ शेअरवाली मावशी हेही एकच डोकं.

समजा एका सभेत ४,००० जणांनी मत दिलं. प्रवर्तक आणि मोठे फंड मिळून मूल्याच्या ९० टक्के मतं बाजूने पडली. तरीही २,००० पेक्षा जास्त माणसांनी ‘हो’ म्हटलेलं नसेल तर ठराव पडतो. आता लाखभर भागधारकांच्या कंपनीत मत देणारे जेमतेम काही हजार असतील तर तुमच्या एका मताचं वजन किती वाढतं ते पाहा. जे मत देत नाहीत ते या हिशेबात धरलेच जात नाहीत. न देणं म्हणजे विरोध नव्हे आणि पाठिंबाही नव्हे.

सूचीबद्ध कंपन्यांसाठी सेबीने आणखी एक कुंपण घातलं आहे. प्रवर्तकांशी संबंधित कंपनी विलीन होत असेल, प्रवर्तकांना जादा शेअर मिळणार असतील, किंवा सूचीबद्ध नसलेली कंपनी आत येऊन सामान्य भागधारकांचा हिस्सा पाच टक्क्यांहून जास्त घटणार असेल, तर प्रवर्तक सोडून उरलेल्या भागधारकांची बाजूची मतं विरोधी मतांपेक्षा जास्त असावी लागतात. तिथे प्रवर्तकांची मतं धरतच नाहीत.

एका परिषदेत मी व्यासपीठावरच्या मंडळींना विचारलं होतं, की डोकी मोजण्याची ही अट किती कंपन्या नोटिशीत साध्या भाषेत सांगतात? कलमाचा क्रमांक सगळेच देतात. त्याचा अर्थ सांगणारी नोटीस माझ्या पाहण्यात फार क्वचित आली आहे.

मत द्यायचं कसं? सभेला मुंबईला जावं लागेल का?

बहुतेक सभा आता व्हिडिओवरच होतात. मतदान एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळावर. तुमच्या डिमॅट खात्याच्या लॉगिनमधून ‘ई-व्होटिंग’ उघडायचं, कंपनी निवडायची, ठरावापुढे ‘फॉर’ किंवा ‘अगेन्स्ट’ दाबायचं. मोबाइलवर ओटीपी येतो. पाच मिनिटांचं काम आहे. नियमाप्रमाणे ही खिडकी किमान तीन दिवस उघडी असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते. आधी मत दिलंत तरी सभेला हजर राहता येतं, फक्त पुन्हा मत देता येत नाही.

ज्येष्ठांचं गाडं अडतं ते बहुतेक वेळा जुन्या मोबाइल नंबरवर. डिमॅटला दहा वर्षांपूर्वीचा नंबर असतो आणि ओटीपी तिकडेच जातो. नोटीस येण्याची वाट न बघता आजच तो नंबर तपासा.

एका शेअरच्या बदल्यात किती मिळणार हे कोण ठरवतं?

नोंदणीकृत मूल्यांकनकार अहवाल देतो आणि दोन्ही कंपन्यांची संचालक मंडळं त्यावरून प्रमाण ठरवतात. यालाच स्वॅप रेशो म्हणतात.

घराघरात ठाऊक असलेलं उदाहरण घ्या. एचडीएफसी लिमिटेड ही गृहकर्ज देणारी कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली तेव्हा प्रमाण ठरलं: कंपनीच्या २५ शेअरमागे बँकेचे ४२. म्हणजे एका शेअरला १.६८. मावशीच्या ६० शेअरचे झाले १००.८.

प्रमाण चूक आहे असं म्हणत लोक न्यायालयात गेलेले आहेत. टाटा ऑइल मिल्स, म्हणजे टॉम्को, हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली तेव्हा टॉम्कोच्या १५ शेअरना लिव्हरचे २ असं प्रमाण होतं. कामगार संघटनेने त्याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ते फेटाळलं. पुढे मफतलाल इंडस्ट्रीजच्या प्रकरणात १९९६ मध्ये याच न्यायालयाने चौकट पक्की केली: प्रक्रिया कायद्याप्रमाणे झाली का, माहिती पुरेशी दिली का, बहुमत प्रामाणिकपणे वागलं का, विलीनीकरणाची योजना कायद्याच्या किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरोधात तर नाही ना, हे न्यायालय बघेल. भागधारकांनी घेतलेला व्यापारी निर्णय शहाणपणाचा होता का, यावर ते अपिलात बसल्यासारखं बसणार नाही.

म्हणजे प्रमाण बदलून घ्यायची खरी जागा मतदानाची आहे. मतदान आटोपल्यावर न्यायाधिकरणाकडून प्रमाण बदलून मिळेल अशी आशा धरू नका.

०.८ शेअर मिळतो का?

नाही. सगळ्यांचे अपूर्णांक गोळा करून एका विश्वस्ताकडे देतात, तो ते बाजारात विकतो आणि ज्याच्या-त्याच्या वाट्याचे पैसे बँक खात्यात जमा होतात. मावशीला १०० शेअर मिळाले आणि ०.८ चे पैसे. ती रक्कम कुठून आली हे न कळल्यामुळे तिने आधी बँकेत चौकशी केली होती!

प्रमाण अन्यायाचं वाटतं. मी एकटा विरोध करू शकतो का?

विरोधी मत कोणीही देऊ शकतो. योजनेवर औपचारिक हरकत घ्यायची तर मात्र कलम २३०(४) प्रमाणे भागधारकाकडे किमान १० टक्के भाग किंवा धनकोकडे, म्हणजे कंपनीला कर्ज दिलेल्याकडे, एकूण थकीत कर्जाच्या किमान ५ टक्के रक्कम पाहिजे. हा उंबरठा फार उंच आहे. आयसीआयसीआय सिक्युरिटीजचं २०२४चं प्रकरण आठवा. १०० शेअरमागे आयसीआयसीआय बँकेचे ६७ देऊन कंपनी बाजारातून काढून घेण्याची योजना होती. विरोध करणाऱ्यांत एक म्युच्युअल फंडसुद्धा होता, पण त्यांच्याकडे दहा टक्के नव्हते. मुंबई पीठाने हरकती फेटाळून योजना मंजूर केली.

दहा टक्क्यांची ही अट छोट्या माणसासाठी दार जवळपास बंद करते असं माझं स्पष्ट मत आहे, आणि परिषदेत संधी मिळेल तेव्हा मी ते मांडते. उठसूट हरकती घेऊन व्यवहार अडवणारे आणि मग तडजोडीचे पैसे मागणारे लोक पूर्वी होते, त्यांना आवरायला ही अट आली हे मला मान्य आहे. पण त्यासाठी दहा टक्के लागत नाहीत. मोठ्या कंपनीत दहा टक्के म्हणजे हजारो कोटी रुपये.

मग करायचं काय? नोटीस आल्या-आल्या कंपनीच्या सेक्रेटरीला लेखी प्रश्न पाठवा. सभेत वक्ता भागधारक म्हणून आधी नाव नोंदवा आणि प्रश्न विचारा, म्हणजे त्याची नोंद राहते. सूचीबद्ध कंपनी असेल तर माहिती लपवल्याची तक्रार सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार यंत्रणेवर करता येते. योजना न्यायाधिकरणाकडे जायच्या आधी मसुदा स्टॉक एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर येतो आणि त्यावर आलेल्या तक्रारींचा अहवाल कंपनीला द्यावा लागतो. छोट्या भागधारकासाठी तोच टप्पा सगळ्यांत उपयोगी, आणि नेमका तोच कोणाच्या लक्षात येत नाही. केंद्र सरकारचे प्रादेशिक संचालक, आयकर विभाग, सेबी, रिझर्व्ह बँक यांनाही नोटीस जाते. म्हणणं मांडायला त्यांना ३० दिवस असतात, आणि त्यांच्या आक्षेपांना दहा टक्क्यांची अट नाही.

मला नव्या कंपनीचे शेअर नकोत. पैसे घेऊन बाहेर पडता येईल का?

विलीनीकरणाला ‘नाही’ म्हटलं म्हणून कंपनीने तुमचे शेअर योग्य भावाने विकत घेतलेच पाहिजेत, असा सरसकट हक्क आपल्या कंपनी कायद्यात नाही. बाजारात विका, हाच मार्ग. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या कायद्यात ठरावीक विलीनीकरणांत नाराज भागधारकाला न्यायालयाकडून मूल्य ठरवून घेता येतं.

आपल्याकडेही एक अपवाद आहे. दोन बँकांचं विलीनीकरण बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४४अ खाली होतं. तिथे दोन तृतीयांश मूल्याचं बहुमत लागतं, मंजुरी रिझर्व्ह बँक देते, आणि विरोधी मत नोंदवणाऱ्या भागधारकाला रिझर्व्ह बँकेने ठरवलेलं मूल्य मागता येतं. एकाच देशात बँकेच्या भागधारकाला हा हक्क आहे आणि साबणाच्या कंपनीच्या भागधारकाला नाही, याचं पटणारं कारण मला अजून कोणी दिलेलं नाही.

एनसीएलटीने मंजुरी दिली. आता विलीनीकरण झालं ना?

नाही. झी आणि सोनीचं उदाहरण ताजं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये करार झाला, १० ऑगस्ट २०२३ रोजी मुंबई पीठाने योजना मंजूर केली, आणि २२ जानेवारी २०२४ रोजी सोनीने करार संपवला. मंजुरीच्या बातमीवर शेअर घेतलेले कितीतरी लोक तेव्हा अडकले.

योजनेत पूर्वअटी असतात. त्या पूर्ण होऊन आदेशाची प्रमाणित प्रत कंपनी निबंधकाकडे, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, दाखल व्हावी लागते. त्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. बहुतेक योजनांमध्ये त्यानंतरच ‘प्रभावी तारीख’ उगवते. नोटिशीत आणखी एक तारीख दिसेल, ‘नियत तारीख’. हिशेबाच्या दृष्टीने धंदा कोणत्या दिवसापासून दुसऱ्या कंपनीचा झाला ते ती सांगते, आणि ती मागची असू शकते. तुमच्यासाठी खरी महत्त्वाची तिसरीच, रेकॉर्ड डेट. त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर, त्याला नवे शेअर. एचडीएफसीचं विलीनीकरण १ जुलै २०२३ ला प्रभावी झालं, रेकॉर्ड डेट १३ जुलै होती.

साधारण किती काळ लागतो?

एचडीएफसीला ४ एप्रिल २०२२च्या घोषणेपासून सुमारे पंधरा महिने लागले, आणि तिथे रिझर्व्ह बँक, सेबी, स्पर्धा आयोग असे अनेक दरवाजे होते. सूचीबद्ध कंपनीला वर्ष-सव्वा वर्ष धरून चाला. छोट्या कंपन्या, किंवा मूळ कंपनी आणि तिची पूर्ण मालकीची उपकंपनी, यांच्यासाठी कलम २३३चा जलद मार्ग आहे. त्यात न्यायाधिकरणाकडे जावं लागत नाही, प्रादेशिक संचालक मंजुरी देतात, पण एकूण शेअरपैकी किमान ९० टक्के शेअर ज्यांच्याकडे आहेत अशा भागधारकांची संमती लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये नियम बदलून हा मार्ग आणखी कंपन्यांना खुला केला आहे.

शेअर बदलून मिळाले म्हणजे त्यावर कर भरायचा का?

शेअरच्या बदल्यात शेअर मिळाले आणि दुसरी कंपनी भारतीय असली, तर कायद्यात बसणाऱ्या विलीनीकरणात अदलाबदलीच्या दिवशी भांडवली नफा धरत नाहीत. १९६१च्या आयकर कायद्यात हे कलम ४७(vii) मध्ये होतं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तत्त्व तेच आहे. कर लागतो तो तुम्ही नवे शेअर विकाल तेव्हा. जुन्या शेअरची किंमत नव्याला चिकटते आणि जुने शेअर बाळगलेला काळही मोजला जातो.

हिशेब असा. ६० शेअर १,५०० रुपयांनी घेतले होते, म्हणजे ९०,००० रुपये. ते १००.८ ने भागा. नव्या शेअरची खरेदी किंमत सुमारे ८९२ रुपये ८६ पैसे. ब्रोकरच्या ॲपमध्ये बऱ्याचदा ती शून्य दिसते किंवा खरेदीची तारीख विलीनीकरणाची पडते. त्यावरून विवरणपत्र भरलंत तर नसलेल्या नफ्यावर कर जाईल. जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे खरेदीची ब्रोकरने दिलेली पावती, जपून ठेवा. अपूर्णांकाचे जे पैसे मिळतात त्यांवर मात्र त्याच वर्षी हिशेब लागतो.

डिमर्जरमध्ये वेगळं काय?

तिथे कंपनी विरघळत नाही, एक धंदा वेगळा काढते. जुने शेअर राहतात, नवे वर मिळतात. आयटीसीने हॉटेलं वेगळी काढली तेव्हा दहा शेअरमागे एक मिळाला. टाटा मोटर्सने २०२५ मध्ये व्यावसायिक वाहनं वेगळी केली तेव्हा एकास एक. नवे शेअर फुकट मिळाले असं समजू नका, जुन्याचा भाव त्या प्रमाणात खाली येतो. खरेदी किंमतही दोघांत वाटावी लागते. ती टक्केवारी कंपनी जाहीर करते.

आजोबांच्या कपाटात कागदी शेअर सापडलेत, पण ती कंपनीच आता नाही.

कंपनी नाही म्हणून शेअर बुडाले असं नाही. विलीनीकरणाची साखळी शोधायची. माझ्याकडे एका कुटुंबाने टॉम्कोचं प्रमाणपत्र आणलं होतं. पिवळा पडलेला जाड कागद, कडेला वाळवीची नक्षी, १५० शेअर. पंधराला दोन या प्रमाणाने लिव्हरचे झाले २०. सन २००० मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे एक-एक रुपयाचे दहा झाले, म्हणजे २००. पुढे २००७ मध्ये नाव हिंदुस्तान युनिलिव्हर झालं. ज्या कागदाला ते कुटुंब कचरा समजत होतं तो दोनशे शेअरचा पुरावा होता.

मात्र सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर असे शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असतात. ते आयईपीएफ-५ हा अर्ज भरून परत मागता येतात. वारसाची कागदपत्रं, नावातला फरक, जुनी सही, यात महिने जातात, पण मिळतात. कागदी शेअर असतील आणि विलीनीकरण येत असेल तर आधी डिमॅट करून घ्या. नवे शेअर आता डिमॅटमध्येच देतात. तुमचं खातं नसेल तर ते वेगळ्या खात्यात पडून राहतात.

माझी नोकरी राहील का?

बहुतेक योजनांत एक कलम असतं: सगळे कर्मचारी खंड न पडता आणि आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर दुसऱ्या कंपनीत जातील. ग्रॅच्युइटीसाठी जुनी वर्षं मोजली जातात. कामगारांच्या बाबतीत औद्योगिक विवाद कायद्याच्या २५एफएफ कलमातही हेच होतं, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. हे हस्तांतरापुरतं संरक्षण आहे. सहा महिन्यांनी एकाच कामाला दोन माणसं आहेत असं म्हणत कपात केली तर तिला वेगळे नियम लागतात. योजनेतलं ते कलम वाचा, आणि ‘कर्मचारी’ या शब्दात कंत्राटी कामगार धरले आहेत का, ते मुद्दाम बघा. बहुतेक वेळा नसतात.

माझ्या सहकारी बँकेचं विलीनीकरण झालं. तिथे हेच नियम का?

नाही, तिथे एनसीएलटी येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीने ते होतं. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक ४ ऑगस्ट २०२५ पासून सारस्वत बँकेत विलीन झाली ती अशीच.

विलीनीकरणावर मुद्रांक शुल्क कशाला?

कारण महाराष्ट्रात न्यायाधिकरणाचा आदेश हाच मालमत्ता हस्तांतराचा दस्त मानला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हिंदुस्तान लिव्हरच्या प्रकरणात हे मान्य केलं. रिलायन्समध्ये रिलायन्स पेट्रोलियम विलीन झाली तेव्हा एक कंपनी महाराष्ट्रातली, दुसरी गुजरातमधली. गुजरातेत भरलेलं शुल्क इथे वजा मिळणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये ठरवलं. शुल्क कंपनी भरते, तुम्ही नाही.

मग तुमच्या परिषदांमध्ये होतं तरी काय?

वर्षभरातले निकाल, बदललेले नियम, अडलेले व्यवहार यांवर चर्चा. जगात अशा परिषदा ठिकठिकाणी भरतात. न्यू ऑर्लिन्सला तुलेन विद्यापीठाची दरवर्षी भरते, तिथे डेलावेअरचे न्यायाधीश आणि विलीनीकरणाचे वकील समोरासमोर येतात. डेलावेअरचाच १९८५चा एक निकाल मी आमच्याकडच्या प्रत्येक नव्या मुलीला-मुलाला सांगते. ट्रान्स युनियन कंपनीच्या संचालकांनी वीस मिनिटांचं तोंडी निवेदन ऐकून, साधारण दोन तासांच्या बैठकीत, ५५ डॉलर भावाने कंपनी विकायला होकार दिला. भाव बाजारापेक्षा चांगला होता. तरी न्यायालय म्हणालं, पुरेशी माहिती न घेता होकार दिलात, ही घोर हयगय आहे. संचालक स्वतः जबाबदार ठरले.

नोटीस मराठीत मिळते का?

नियमाप्रमाणे सभेची जाहिरात सभेच्या किमान ३० दिवस आधी एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. त्यामुळे मराठी दैनिकात ती चौकट येते, निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या सूचनांच्या गर्दीत. आतलं बाड मात्र इंग्रजीतच असतं.

गेल्या परिषदेत मी एक साधी मागणी मांडली: प्रत्येक नोटिशीबरोबर भागधारकाच्या भाषेत एक पान द्यावं. त्यावर किती शेअरना किती मिळणार, प्रवर्तकांचा हिस्सा आधी किती नि नंतर किती, डोकी मोजली जाणार आहेत ही गोष्ट, आणि मतदानाची शेवटची तारीख व वेळ, एवढंच असावं. नमुना म्हणून मी मावशीसाठी हाताने लिहिलेलं पान वर करून दाखवलं. चहाच्या सुट्टीत दोन कंपन्यांच्या सेक्रेटरींनी त्याचा फोटो काढून घेतला.